मिठाच्या पाण्यात धुतलेली पानं

चांदीचं द्रावण तिसऱ्यांदा पांढरंफट्ट झालं, तेव्हा पंचशीलाच्या तोंडचं पाणी पळालं. सीताफळाच्या पानांचा काढा त्यात पडला की रंग तांबूस व्हायला हवा. चांदीचे डोळ्यांना न दिसणारे नॅनोकण तयार झाल्याची तीच खूण. इथे मात्र ताकासारखं गढूळ पाणी! उद्या दुपारी तिच्या मार्गदर्शक शैलश्री मॅडम नमुना घेऊन हैदराबादला निघणार होत्या. तिथल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर चार महिन्यांनी पाळी आली होती. ती हुकली तर प्रबंधाचं वर्ष गेलंच म्हणायचं.

कलबुर्गीच्या त्या प्रयोगशाळेत तिने सगळी भांडी पुन्हा घासली, बाटल्या बदलल्या. उरली पानं. ती शेजारच्या जिल्ह्यातल्या मेहकर गावाहून आईने पाठवली होती, बांधावरच्या झाडाची. सगळ्या नोंदी त्याच झाडाच्या, दुसरी पानं चालणार नव्हती. तिने घरी फोन लावून आईला विचारलं, पानं धुतली होतीस का?

"धुतले की," गुरुबाई म्हणाली, "मिठाच्या पाण्यात, तीन डाव. भाजी धुतो तसं. किड्यापायी तुझं काम कामून नासू द्यावं?"

मीठ! मिठातलं क्लोराइड चांदीला धरून बसलं, खाली पांढरा साका. कण होणार कुठून! पंचशीला आईवर ओरडली, नको ते बोलली आणि फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता गुरुबाई प्रयोगशाळेच्या दारात उभी. पहाटेची गाडी धरून, दोन बस बदलून आली होती. काखेत त्याच झाडाच्या पानांचं गाठोडं.

"जय भीम, मॅडम," ती म्हणाली, आणि लेकीकडे वळली. "ह्याला पाणीच लावलं न्हाई. धूळबी हाय तशीच."

पंचशीलाने पानं शुद्ध पाण्याने धुतली, उकळली, काढा गाळला आणि थेंब थेंब द्रावणात सोडला. आधी पिवळसर झालं, मग तांबूस. अर्ध्या तासात गडद.

"कोरा च्या करायलीस व्हय?"

"चांदी हाय, आई. लई बारीक. जखमेच्या पट्टीत घालतात, जंतू मरतात."

मॅडम हसत कुपी घेऊन निघाल्या. पंचशीलाने आईचे हात धरले. कापणीने चिरलेले, आणि हेच हात तीनदा मिठाच्या पाण्यात बुडाले होते. किती झोंबलं असेल! तिला रडू आवरेना.

"आई, तू हाईस म्हणून मी इथं हाय. आन् मी तुलाच बोलले."

"बोललीस तेच बरं झालं," गुरुबाई डोळे पुसत हसली. "न्हाईतर पुढच्या डावाला मी लिंबूबी पिळणार होते."