पेन्सिलीवर जळणारा शिक्का

मी एक जुना शिक्का आहे, मतदानाचा. माझ्या तळाशी रबराची फुली आहे. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मला पेन्सिलीचे तोंडही बघवत नाही.

एका सुताराने माझा दांडा घासून गुळगुळीत केला, रबर चिकटवले आणि मी नगरपालिकेच्या कपाटात राहायला आलो. निवडणुकीच्या दिवशी मला पडद्याआडच्या टेबलाला दोरीने बांधत. लोक मला शाईत टेकवत, हव्या त्या नावापुढे दाबत, ठसा वाळावा म्हणून फुंकर घालत आणि मग कागदाची घडी करत. हात थरथरता असो की राकट, माझी फुली कधी फिसकटली नाही. कारकून म्हणायचे की हा शिक्का म्हणजे आमच्या घरचाच माणूस. मी फुशारून जात असे.

माझे दिवस फिरवले ते नगराध्यक्षाबाईंनी. त्या पूर्वी दवाखान्यात परिचारिका होत्या, म्हणून सगळे त्यांना अजून सिस्टरच म्हणत. माझ्याच फुलीवर त्या पुन्हा पुन्हा निवडून आल्या आणि शेवटी माझ्याच मुळावर उठल्या. भर सभेत त्या म्हणाल्या की पाच जण उभे राहतात, मते वाटली जातात आणि निम्म्याहून जास्त गावाला नको असलेला माणूसही खुर्चीवर बसतो. त्यापेक्षा लोकांनी आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे लिहावेत. पहिल्या पसंतीचा उमेदवार मागे पडला, तर ते मत दुसऱ्या पसंतीला जावे. आकडे लिहायला शिक्का काय कामाचा? तिथे पेन्सिल ठेवावी.

पेन्सिल! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कालपरवा दुकानातून आलेली ती काटकुळी, जरा धक्का लागला की टेबलावरून घरंगळणारी. आणि तिच्यासाठी सभेने टाळ्या वाजवल्या, ठरावही मंजूर केला!

सिस्टरांच्या प्रचाराचे सगळे काम त्यांचे धाकटे दीर बघत. सभा संपल्यावर ते माझ्या कपाटासमोरच त्यांना म्हणाले, "वहिनी, बाकीचे चौघं एकमेकांची मतं खातात, म्हणून आपण निवडून येतो. आता लोक आपल्याला सोडून त्यांनाच दुसरी पसंती देतील. कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेताय?"

"माहीत आहे मला, भाऊजी," एवढेच सिस्टर म्हणाल्या.

सिस्टर पडल्या की पेन्सिलीचीही हकालपट्टी होईल, असा माझा हिशेब होता. त्या पडाव्यात म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो.

मतदानाच्या दिवशी माझीच दोरी पेन्सिलीच्या गळ्यात बांधली. मी बाहेर, अधिकाऱ्याच्या टेबलावर, नुसता कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. पडद्याआडून मात्र फुंकरीचा आवाज येत होता. लोक सवयीने पेन्सिलीच्या आकड्यांवर फुंकर घालत होते. ती फुंकर माझी होती, मित्रांनो, आणि तीही तिने लाटली.

मोजणी सुरू झाली. पहिल्या पसंतीत सिस्टर पुढे होत्या, पण निम्मी मते काही मिळाली नव्हती. मग मागे पडलेल्यांची मते दुसऱ्या पसंतीकडे वळली आणि बाकीच्या चौघांतले बेकरीवाले निवडून आले. सिस्टर हरल्या. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

दिरांनी मला उचलून त्यांच्यासमोर ठेवले. "वहिनी, नवे येईपर्यंत खुर्ची तुमचीच आहे. एक ठराव करा, हा शिक्का परत आणू. पुढच्या वेळी आपणच येऊ."

सिस्टरांनी मला हातात घेतले. बराच वेळ त्या माझ्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. माझा जीव टांगणीला लागला.

"इतक्या वेळा जिंकले, भाऊजी," त्या म्हणाल्या, "पण गावाला मी हवी होते की नको, ते कधी कळलंच नाही. आज कळलं. वाईट वाटतंय, पण कळलं."

त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी मला खणात ठेवले आणि खण लावून घेतला.

आता त्या खणात मी आणि पेन्सिल, आम्ही दोघे असतो. ती शेजारी आली की अजून माझा जळफळाट होतो. मोजणीच्या वेळी काही कागद बाजूला काढावे लागले होते. ती बोथट झाली होती आणि आकडे वाचताच येईनात. रांगेत ताटकळून दिलेली कुणाकुणाची मते फुकट गेली. माझ्याकडून असे कधी झाले नव्हते, हे मी तिला ऊठसूट ऐकवतो.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, मत द्यायला जाल. मला तेव्हा कुणी विचारणार नाही. पण तिला टोक आहे का, ते आधी बघा. नसेल तर काढून मागा. आणि तिच्यासाठी मी शब्द टाकला, हे तेवढे तिला सांगू नका.