फ्रीजच्या बाजूचं वळण

जेवताना कुणी काही मागायचं नाही, असा काकींच्या घरचा दंडक होता. मागणाऱ्याचा घास अडकतो आणि नाही म्हणणाऱ्याचं जेवण गार होतं. इतकी वर्षं तो मोडायची कुणाची छाती झाली नव्हती. मोठ्या सुनेनं तो मोडला, आणि तोही पाण्याचा पेला पुढे सरकवावा इतक्या सहज.

"आई, यंदा चढावर गाडी मी नेली तर?"

धाकट्या दिराला ठसका लागला. थोरल्यानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ताटातच डोळे घातले, जणू कुणाची बाजू घ्यावी ते तिथं लिहिलेलं होतं.

"कुठली गाडी?" काकी म्हणाल्या. "टेबलाला स्क्रूनं आवळलेली?"

"नाही. तुमची."

काकींची गाडी म्हणजे लाल रंगाची, दोन दारांची, बुटकी, पण अंगात रग असलेली. नवरा होता तेव्हा दोघांनी मिळून घरच्याच गॅरेजमध्ये तिचा एकेक तुकडा जोडला होता. दरवर्षी डोंगराचा रस्ता एक दिवस बंद ठेवत आणि एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडत. ती शर्यत काकी नवरा असताना धावल्या, नवरा गेल्यावरही धावल्या, आणि बघ्यांनी तोंडात बोटं घातली की मनातून सुखावल्या. यंदा मात्र डॉक्टरनं त्यांचा उजवा खांदा उघडून परत शिवला होता आणि बजावलं होतं, की शर्यतीचं स्टिअरिंग आता विसरा. त्यामुळे चालवणाऱ्याची जागा रिकामी होती. ती धाकट्याला मिळणार असं घरात सगळे धरून चालले होते. सगळ्यांत जास्त धाकटा.

सून दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या घडवायची. हात बारीक कामाचा, नजर पक्की. त्याबद्दल काकींची तक्रार नव्हती. तक्रार होती ती मागच्या खोलीतल्या संसाराबद्दल. गॅरेजमध्ये भंगारात आलेल्या गाडीची सीट, जुन्या टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, फळीवर ठोकलेले पेडल आणि समोर एक पडदा. कामावरून आली की बाई त्यात बसायची आणि घरभर इंजिनाचा गोंगाट सुरू व्हायचा.

"त्यात आपला चढ आहे, आई," सून म्हणाली. "कुणीतरी अख्खा रस्ता मशीननं मोजून जसाच्या तसा उतरवलाय. मी रोज वर जाऊन येते."

"रोज वर जाता आणि उठता फ्रीजपाशी," धाकटा म्हणाला. "वहिनी, आपटलं की बटण दाबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. डोंगराला बटण नाही हो."

"म्हणून तर विचारतेय. मला बघायचंय, त्यातलं किती खरं उतरतं."

हे वाक्य काकींच्या डोक्यात रुतून बसलं. त्यांनाही नेमकं तेच बघायचं होतं, पण तसं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "रविवारी सरावाला रस्ता मोकळा ठेवणार आहेत," त्या म्हणाल्या. "दोघांनी तीन-तीनदा गाडी वर न्यायची. मग मी ठरवेन. घड्याळही बघेन आणि चालवणारंही बघेन. आता जेवा."

शनिवारी दुपारी मात्र त्यांना राहवेना. मागच्या खोलीत जाऊन त्या त्या सीटसमोर उभ्या राहिल्या, अनोळखी कुत्र्यासमोर उभं राहावं तशा.

"लाव गं ते," त्या सुनेला म्हणाल्या. "स्टिअरिंग जड नाही ना? खांद्याला चालेल?"

"हलकं करून देते. बसा."

पडदा उजळला आणि काकी पुढे वाकल्या. सुरुवातीची रेघ तीच, पुलाचा कठडा तोच. त्या कठड्याचा तुटका कोपराही तिथंच. पुढे डांबराचं ठिगळ होतं, ज्यावर गाडी दरवर्षी किंचित उडायची. "अगं, ठिगळसुद्धा आहे की," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

सरळ रस्ता झकास गेला. मग आलं उलटं वळण. तिथं रस्ता डावीकडे वळता वळता आल्या दिशेला परत फिरतो. इतक्या वर्षांच्या सवयीनं काकींनी मान डावीकडे वळवली, रस्ता पुढे कुठं जातो ते बघायला.

डावीकडे फ्रीज होता. फ्रीजवर दुधाच्या पिशव्या संपल्याची चिठ्ठी होती.

पडद्यावर गाडी झाडात घुसली. दारात येऊन उभा राहिलेला धाकटा पोट धरून हसायला लागला. "आई, दूध आणायला निघालीस का?"

काकींनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फ्रीज. तिसऱ्यांदा त्यांनी मान ताठ ठेवली, तर मागची चाकं कधी सुटली ते कळलंच नाही आणि गाडी गर्रकन फिरून तोंड खाली करून उभी राहिली.

"माझं बूड मुकं झालंय," त्या चिडून म्हणाल्या. "गाडी घसरायला लागली की पहिलं बुडाला कळतं. मग कमरेला, मग हाताला. इथं नुसतीच खुर्ची. तुला कसं समजतं?"

सून हसली नव्हती, हे काकींनी टिपलं होतं. ती वाकून स्टिअरिंगवर बोट ठेवत म्हणाली, "हात हलका पडतो. बघा, असा. टायरचा आवाज बदलतो. आणि पुढचं चित्र जरा तिरपं सरकतं."

"तोवर उशीर झालेला असतो."

"असतो. म्हणून हात आधीच तयार ठेवायचे. सुरुवातीला मी शेकडो वेळा गर्रकन फिरले. फुकटात फिरायला मिळतं ना. मग हळूहळू हातांनाच कळायला लागलं."

खऱ्या गाडीत काकी आयुष्यभरात किती वेळा फिरल्या असतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. प्रत्येक वेळी पत्रा ठोकावा लागला, रंग द्यावा लागला. फुकटात शेकडो वेळा चुकायला मिळणं ही काय चीज असते, ते त्यांना माहीतच नव्हतं.

"आणि भीती?" त्यांनी विचारलं. "त्यात भीती वाटते का?"

सुनेनं प्रामाणिकपणे विचार केला. "नाही वाटत."

"मग ते पोहणं पाटावरचं, पाण्यातलं नव्हे," काकी म्हणाल्या आणि खांदा सांभाळत उठल्या. पण जाताना वळून पडद्याकडे एकदा बघितलंच.

रविवारी थोरला घड्याळ आणि वॉकीटॉकी घेऊन डोंगरावर शेवटच्या रेघेशी उभा राहिला. "वेळ सांगेन," त्यानं जाहीर केलं. "मत विचारू नका. मला दोघांसोबत एकाच घरात राहायचंय." काकींनी आपली घडीची खुर्ची उलट्या वळणावर मांडली, दुसरा वॉकीटॉकी मांडीवर घेऊन. तिथं लपवाछपवी चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पहिला धाकटा आला. दणक्यात आला, दणक्यात गेला, आणि थोरल्यानं सांगितलेली वेळ खरोखर चांगली होती.

मग सून. सीट काकींच्या लांब पायांच्या मापानं बोल्टनं घट्ट बसवलेली होती. सुनेचे पाय पोचेनात, म्हणून पाठीमागे घडी घातलेलं कांबळं कोंबलं होतं. खालून येणारा इंजिनाचा आवाज काकी डोळे मिटून ऐकत होत्या. गियर जिथं पडायला हवा तिथंच पडत होता. पाठ असलेल्या गाण्यासारखा सगळा चढ त्या पोरीच्या हातापायांत बसलेला होता. काकींच्या भुवया आपोआप वर गेल्या.

आणि मग गाडी उलट्या वळणावर आली, आणि बाळाची ढकलगाडी न्यावी तशी हळूहळू वळून गेली.

परत येताना सुनेनं खुर्चीजवळ गाडी थांबवली. चेहरा घामानं निथळत होता. "ब्रेकवर अख्खा पाय घालून उभं राहावं लागतं," ती म्हणाली. "आणि चढ केवढा उभा आहे. पडद्यावर कळतच नाही हो. तेलाचा वासही नसतो. बाकी सगळं तेच आहे. पण वळणावर रस्ता सापडतच नाही मला."

"सापडत नाही म्हणजे? रोज येतेस ना इथं?"

"तेच तर कळत नाही."

दुसऱ्या फेरीला धाकटा अंगात वारं शिरल्यासारखा आला. वळणाच्या बाहेरच्या अंगाला आधी गेलेल्या गाड्यांनी खडी उडवून आणली होती. मागची चाकं तिच्यावर चढली, गाडी फिरली आणि पाठीमागून बांधावर टेकली. मागच्या दिव्याचा चुरा झाला. धाकटा उतरला, दिवा बघितला, आईकडे बघितलं.

"खडी होती," तो म्हणाला.

"दिसतेय मला. दिवाही दिसतोय. जा वर, गाडी वळवून आण."

मग दुसऱ्यांदा सून. काकींनी तिला खडीबद्दल मुद्दाम सांगितलं नाही. बघायचं होतं. गाडी आली, त्याच खडीवर चढली, तशीच मागून सुटली. पण काचेआडचे ते दोन हात घाईघाईनं काही करायला गेलेच नाहीत. दुधावरची साय बाजूला करावी तसे उलट्या बाजूला फिरले, थांबले, परत जागेवर आले. गाडी सरळ झाली आणि निघून गेली.

हे बूड बोलण्याआधीच हातांनी केलं होतं. हे पाटावरचं पोहणं नव्हतं.

आणि त्याच क्षणी त्यांना दुसरी गोष्ट दिसली. खरं तर ती आधीच दिसली होती, पण कळली आत्ता. एवढ्या सगळ्या गोंधळात पोरीचं हेल्मेट इकडचं तिकडं हललं नव्हतं. फोटो काढायला बसल्यासारखी ती नाकासमोर बघत होती. आणि उलट्या वळणावर नाकासमोर काय असतं? बांध. रस्ता असतो तो डावीकडच्या खिडकीत.

गाडी उतरून परत आली. सून दार उघडून बाहेर पडली आणि दाराला धरूनच उभी राहिली. तिचे पाय लटलट कापत होते.

"असं कधी होत नाही," ती ओशाळून म्हणाली. "घरी शेकडो वेळा सुटलेय, पाय कधी कापले नाहीत."

"कापू देत," काकी म्हणाल्या, आणि आवाजात नकळत मऊपणा आला. "मी याचीच वाट बघत होते. ज्याचे पाय कापत नाहीत त्याला मी माझी सायकलसुद्धा देणार नाही. आता ऐक. या वळणावर तू कुठं बघतेस?"

"समोर."

"का?"

"रस्ता समोर..." सून बोलता बोलता थांबली.

"घरी रस्ता समोर येतो. पडदा फिरवून आणून देतो तुला. इथं रस्ता जागेवर बसलेला आहे, तुझ्यासाठी उठून येणार नाही. मान वळव. तुझ्या घरी त्या बाजूला फ्रीज आहे, इथं वळण आहे. काल मी रस्ता बघायला गेले आणि मला दुधाची चिठ्ठी दिसली. तू दुधाच्या चिठ्ठीच्या भीतीनं मान ताठ ठेवतेस आणि तुला रस्ता दिसत नाही."

सुनेनं मान डावीकडे फिरवून वळण बघितलं. मग तिला हसू फुटलं, आणि पाय कापायचे थांबले.

तिसऱ्या फेरीला धाकटा आला तो उलट्या वळणावर दबकत. दिवा फुटल्याचा आवाज अजून कानात होता. सून आली तेव्हा काकी खुर्चीतून उठल्या. हेल्मेट डावीकडे वळलं, खिडकीतून थेट पलीकडच्या रस्त्याकडे बघत, आणि गाडी त्या नजरेच्या मागोमाग गेली. देखणं नव्हतं. पाठीमागचं कांबळं घसरलं असावं, कारण बाहेर पडताना गाडी जरा डगमगली. पण गेली.

वॉकीटॉकी खरखरला. थोरल्यानं दोन्ही वेळा वाचून दाखवल्या. धाकट्याची पहिली फेरी अजूनही दिवसातली सगळ्यांत वेगवान होती. सुनेची तिसरी तिच्या मागे, एका खोकल्याएवढी.

सगळे खाली गाडीपाशी जमले. धाकटा हेल्मेट काखेत घेऊन उभा होता. "घड्याळ माझ्या बाजूनं आहे, आई," तो म्हणाला. "वहिनी छान चालवतात, माझी ना नाही. पण घड्याळ म्हणजे घड्याळ."

"चालवणारंही बघेन म्हणाले होते." काकींनी फुटक्या दिव्याची एक काच ओढून काढली. "तू पहिल्या फेरीला जोरात होतास, दुसरीला आपटलास, तिसरीला घाबरलास. ही पहिलीला हळू होती, दुसरीला सावरली, तिसरीला शिकली. अजून एक फेरी असती तर घड्याळ काय म्हणालं असतं?"

धाकट्यानं हेल्मेट गाडीच्या टपावर ठेवलं.

"डब्यातून मोठा पाना आण," काकी म्हणाल्या.

"कशाला?"

"सीट पुढे घ्यायचीय. दोन भोकं पुढे. कांबळ्यावर बसून कुणी शर्यत धावत नाही."

"एवढी पुढे घेतली तर माझे पाय कुठं जाणार?"

"गाडीच्या बाहेर. तिथं टायर बदलायला माणूस लागतोच."

थोरल्यानं वळून डोंगराकडे बघायला घेतलं, खांदे हलत होते. धाकटा पाना आणून गाडीखाली शिरला. बोल्ट गंजलेला होता, शिव्या खात खात सुटला. सून पलीकडे बसून सीट धरून होती. तिचे कान लाल झाले होते.

"आणि काय गं," काकींनी खिडकीत वाकून विचारलं, "त्या तुझ्या खेळात मान वळवायला काही बटण नसतं?"

"असतं, आई. स्टिअरिंगवर, अंगठ्यापाशी. मीच कधी वापरलं नाही."

"आणि मला शनिवारी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही."

काकी सरळ झाल्या, खांदा चोळला आणि गाडीखालून बाहेर आलेल्या पायांना म्हणाल्या, "आवर लवकर. घरी जाऊन मला उलटं वळण जमवायचंय."