क्षयकऱ्यांची इर्जिक

महिपती क्षयातून उठला, पण भाजे गावाने त्याला वाळीतच टाकलं म्हणा ना. क्षय म्हटलं की लोक चार हात लांब. माणूस बरा झालाय की नाही, याची चौकशी कोण करतो? त्यात आवणीचे, भातलावणीचे दिवस. गावात भात लागायचा तो इर्जिकीने. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, आणि ज्याचं खाचर त्याच्याकडे जेवण. महिपतीला कुणी बोलावलं नाही, म्हणजे त्याच्याकडेही कुणी येणार नव्हतं. रोप पिवळं पडत चाललं. जीव वाचला पण गाव गेलं, असं त्याला वाटायला लागलं.

लोणावळ्याच्या डॉक्टर चंद्रिकाबाई दर बुधवारी मळवली स्टेशनात उतरून भाज्याला यायच्या. बाई मोठ्या हट्टी. औषध घरी, आराम घरी आणि बरं झाल्यावर कामही गावातच, हे त्यांचं खूळ. पुण्यातले डॉक्टर हसायचे, हसोत बापडे. महिपतीचं रडगाणं ऐकून पुढच्या बुधवारी त्या आजूबाजूच्या वाड्यांतले आपले बरे झालेले रोगी घेऊनच आल्या. बाई छत्री धरून बांधावर उभ्या, आणि कुणाला दम लागलेला दिसला की लगेच त्याला वर बोलवायच्या. पाळीपाळीने खाचर लागलं. गावाने लांबून फुकटचा तमाशा बघितला.

शेजारच्या झुंबरबाईंना मात्र तमाशा परवडणारा नव्हता. मुलगा रेल्वेत, सून बाळंतपणाला माहेरी, रोप तसंच पडून. त्या सरळ बांधावर आल्या.

"महिपती, माजं खाचर कवा लावता?"

गरजवंताला अक्कल नसते, असं मागून कुणीतरी म्हणालंच. झुंबरबाईंनी वळूनही पाहिलं नाही.

पुढच्या बुधवारी त्यांचं खाचर लागलं आणि ओसरीवर पंगत बसली. बसल्या बसल्या प्रत्येकाने पिशवीतून आपापली थाळी काढली. भाकरीची टोपली घेऊन आलेल्या झुंबरबाईंचा चेहरा उतरला.

"माज्या घरात ताटं न्हाईत व्हय?"

"तसं न्हाई मावशी," महिपती खाली मान घालून म्हणाला. "आमी येगळ्यात खातो. घरी बी."

चंद्रिकाबाईंनी कपाळावर हात मारला. या सगळ्यांची थुंकी तपासून, निर्धोक ठरवून कितीतरी महिने झाले होते. पण आता वेगळी थाळी नको, हे सांगायचं त्या साफ विसरल्या होत्या. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

झुंबरबाईंनी थाळ्या गोळा करून बाजूला ठेवल्या आणि घरातली ताटं मांडली. एक कमी पडलं. तेव्हा त्या आपलं ताट घेऊन महिपतीजवळ टेकल्या.

"सरक जरा. आपुन दोगं एकात खाऊ."

महिपतीने सरकून जागा केली आणि त्याच ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला.