‘बट’नं सुरू झालेलं पान

वडगाव रासाईच्या शाळेत प्रांजल आणि दीक्षा पाचवीपासून एका बाकावर. मग जूनमध्ये दीक्षाच्या पप्पांना दौंडला रेल्वेत नोकरी लागली, कॉलनीत क्वार्टर मिळालं, आणि बाकाची खिडकीकडची बाजू रिकामी झाली.

रडून झाल्यावर दोघींनी ठरवलं, एक वही करायची. रोहिदासमामांचा शेवंतीचा टेम्पो दर गुरुवारी दौंडला जातो. वही त्यातूनच जाणार, त्यातूनच येणार. फोनवर बोलताना घरचे कान टवकारून बसतात. अट एकच, सगळं इंग्रजीत! दीक्षा आता इंग्लिश मीडियमला होती, आणि प्रांजल काय मागं राहणाऱ्यातली होय?

पण सर्जेराव सरांनी फळ्यावर लिहूनच टाकलं होतं : अँड, बट, बिकॉजनं वाक्य सुरू करायचं नाही. आणि सारखं आय तर मुळीच नाही.

“आय, आय काय लावलंय गं? आरशापुढं बसलीस व्हय?” सर प्रांजलला म्हणाले, अन् अख्खा वर्ग खिदळला.

फळ्यावर त्याखाली सरांचे आवडते शब्द होते : मोरओव्हर, देअरफोर, हाउएव्हर. प्रांजलनं ते पाठ केले आणि वहीत झोकात वापरले. मोरओव्हर, भीमेला पाणी आलंय. हाउएव्हर, मोनिकाताईचं लग्न ठरलं. दीक्षाची उत्तरं मात्र आक्रसत चालली. तीन पानांचं एक पान झालं, पानाच्या चार ओळी. गेल्या गुरुवारी तर एवढंच : युनिट टेस्ट आहे, बाय.

प्रांजलनं वहीची मागची पानं पुन्हा उलटून पाहिली. दीक्षाला आता आपण नकोशा झालो का?

या गुरुवारी ती सकाळपासून बांधावर पेन चावत बसली. दिवाळीला येशील का, एवढंच विचारायचं होतं. पण मनातलं प्रत्येक वाक्य बंदीतल्याच शब्दानं उठत होतं.

टेम्पोचा हॉर्न वाजला. “ओ प्रांजलबाई, फुलं सुकत्यात! झालं का न्हाई तुमचं?”

“दोनच मिनिटं, मामा!”

तिनं डोळे मिटल्यासारखं करून लिहून टाकलं. बट तू इथं नाहीस. अँड तुझ्या जागेवर मी दप्तर ठेवते, कुणी बसू नये म्हणून. बिकॉज ती तुझी आहे. दिवाळीला ये ना!

पुढच्या गुरुवारी वही आली. सहा पानं! पहिलाच शब्द बट. बट मला पण करमत नाही गं. बट इथल्या पोरी माझ्या इंग्रजीला हसतात, म्हणून थोडंच लिहायचे. तू एवढं भारी लिहितेस, तूही हसशील वाटलं. बट पप्पांना दिवाळीला सुट्टी नाही. आम्ही येत नाही.

प्रांजलनं सगळं दोनदा वाचलं, नाक पुसलं आणि टेम्पोपाशी गेली.

“मामा, दिवाळीच्या सुट्टीत केबिनमधी जागा हाय का?”

“वही न्यायला जागा कशाला लागती?”

“वही न्हाई. मी.”

मामांनी तिच्याकडं नीट पाहिलं. “आईला इचारलंस?”

“इचारते की. तुम्ही बी सांगा ना तिला!”

“बरं. पर शेवंतीची पाटी मांडीवर घ्यावी लागंल, आधीच सांगतो!”

हे ऐकायला ती थांबलीच कुठं होती? घराच्या वाटेवर तिचं “आई, ए आई” चाललं होतं.