सातवी का चरत नाही

गजराची घंटी वाजली तशी तिने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि मेंढ्यांच्या पाठीवरचे निळे आकडे वाचत वहीत खुणा करू लागली. चरतेय, चरतेय, रवंथ, चरतेय. सातवी मात्र कुंपणाशी नुसतीच उभी. तिने कपाळावर हात मारला. चराईच्या अभ्यासासाठी दर घंटीला एक नजर टाकायची, प्रत्येकीपुढे एक खूण करायची, एवढंच काम. पण दुपार झाली की ही बया गवताला तोंडच लावायची नाही. जनावरांच्या डॉक्टरने तपासली तर ठणठणीत. आज कारण सापडलं नाही, तर आतापर्यंतच्या सगळ्या नोंदी पाण्यात जाणार होत्या.

"बाबा, जेवून घ्या!" ती तिथूनच ओरडली.

"जेवतोय गं," कुंपणाशी घडीच्या खुर्चीवर बसलेले वडील म्हणाले. आई गेल्यापासून त्यांना घर खायला उठायचं, म्हणून ती त्यांना रोज सोबत आणायची.

"डबा रोज रिकामा, मग अंगाला का लागत नाही? पट्ट्याला अजून किती भोकं पाडू?"

त्यांनी पट्टा वर सरकवला. वैतागून तिने पुन्हा दुर्बीण उचलली. दोन घंट्यांच्या मध्ये बघायचं नाही, हा तिचा स्वतःचाच नियम. आज तिने तो मोडला.

कुंपणाच्या तारांमधून एक हात आत गेला होता. हातात पावाचा तुकडा, आणि सातवी तो निवांत चघळत होती. घंटी वाजताच हात झटकन मागे आला.

ती तरातरा चालत गेली.

"बाबा! इकडे मी डोकं फोडून घेतेय आणि तुम्ही... स्वतःचं जेवण मेंढीला?"

वडिलांनी डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न केला. ते लागेना.

"एकट्याने घास उतरत नाही गं. ही समोर येऊन उभी राहायची. आधी एक तिला, एक मला करायचो. नंतर माझाही तिलाच द्यायला लागलो."

 आपण रोज उभ्याउभ्याच, दुर्बिणीआडून खातो, हे तिला आठवलं.

ती जाऊन आपला डबा घेऊन आली आणि वडिलांसमोर गवतातच बसली. तारेतून बाहेर आलेलं सातवीचं तोंड तिने तळहाताने मागे ढकललं.

"तू चर जा."

वडिलांनी पाव मोडला. अर्धा तिच्या हातावर ठेवला, अर्धा तोंडात घातला.

"तुझी घंटी वाजतेय," ते चावत चावत म्हणाले.

"वाजू दे."

सातवी थोडा वेळ आशेने उभी राहिली. मग तिने मान खाली घातली आणि गवताला तोंड लावलं. त्याची खूण कोणी केली नाही.