काळी पाचवरून खाली

"वहिनी, शेजारच्या काकूंचा आवाज किती दिवस बसलाय?" बारशाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या नणंदेनं, भाविकानं, विचारलं होतं. ती पनवेलला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नर्स आहे. "तीन आठवड्यांच्या वर गेला असेल तर दुर्बिणीतून बघून घ्यायला सांग त्यांना. विसरू नको हं."

"अगं, गातात त्या. गाणाऱ्याचा घसा बसणारच," मी म्हणाले आणि रुतूची दुपटी वाळत घालायला गेले. भाविकाला सगळीकडे आजारच दिसतात. आदल्या दिवशी रुतूच्या टाळूवर हात ठेवून काहीतरी बोलली आणि मी दिवसभर रडत होते. माझी सगळी भीती तेव्हा बाळावर खर्च व्हायची. दुसऱ्यासाठी उरायचीच नाही.

शेजारच्या काकू म्हणजे प्रेमलाताई. खांदेश्वरला आमच्या सोसायटीत, आमच्याच मजल्यावर एकट्या राहायच्या. वीस वर्षं त्यांनी संगीत नाटकांत नायिका केल्या. जन्म उलव्याकडच्या आगरी गावातला, तिथं खाडी आणि मिठागरंच होती तेव्हाचा. सोळाव्या वर्षी नाटक कंपनीत गेल्या. तालीम मास्तरांनी पहिले तीन महिने गाणं दिलंच नाही. नुसतं 'पाणी, लोणी, राणी' म्हणायला लावलं, कारण यांच्या तोंडून 'पानी' यायचं. "गला देवाचा, ण मास्तरांचा," ताई हसून सांगायच्या. मग दौरे. सांगली, बेळगाव, गोवा. एकेका पदाला तीन-तीन वन्स मोअर. लग्न राहून गेलं. पुढे प्रेक्षक आटले, कंपनी मोडली, ताई एका शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या. रियाज मात्र सुटला नाही. रोज दुपारी दोन ते तीन.

रुतू नेमकी त्याच तासात झोपायची. पाळणा, अंगाई, मोबाईल, कशानंच नाही. ताईंच्या सुरावर मात्र पाच मिनिटांत. म्हणून मी तिला घेऊन त्यांच्याकडेच जाऊन बसायचे. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावरची बारीक अक्षरं ताईंना दिसत नसत, तेव्हा पट्टी मी लावून द्यायचे. पट्टी म्हणजे ज्या सुराला सा धरून गायचं ती. ताईंची काळी पाच, पेटीवरची पाचवी काळी. आयुष्यभर तीच.

गणपतीनंतर म्हणाल्या, "आज काळी चारला लाव गो. हवा दमट हाय."

दिवाळीत त्याहून खाली, पांढरी पाच. फटाक्यांचा धूर. संक्रांतीला आणखी खाली, काळी तीन. तिळाच्या लाडवांनी घसा धरला म्हणे. तोंडात ज्येष्ठमधाची काडी कायम. एकदा मी म्हटलं, "ताई, दाखवून येऊ या का?"

"मना काय नाय झालं! डॉक्टर म्हनंल, बोलू नका, गाऊ नका. मंग काय करू, तुझ्या पोरीची दुपटी धुऊ?"

मी हसले आणि बटण फिरवलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्यांचं गाणं बंद झालं असतं तर माझी दुपार गेली असती.

फेब्रुवारीत वाशीच्या नाट्यगृहात जुन्या कलावंतांचा कार्यक्रम ठरला. ताईंनी एक पद गायचं, ऑर्गनवर त्यांचे जुने साथीदार विश्वजितदादा. त्यांना पट्टी कळावी म्हणून मी रियाज मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवला. लगेच फोन आला.

"हे काळी तीनमध्ये कसं? प्रेमलानं हे पद काळी पाचच्या खाली कधी गायलेलं नाही. घसा बरा आहे ना तिचा? स्पष्ट सांगा, मी कार्यक्रम पुढे ढकलायला लावतो."

समोर ताई. मान हलवून नको नको म्हणत होत्या. हात जोडलेले.

"वय झालं ना, दादा," मी म्हणाले. "बाकी एकदम छान आहेत."

कार्यक्रमाच्या दिवशी ताई हिरव्या शालूत होत्या. ध्रुवपद नीट गेलं. अंतऱ्यात वरच्या सा वर त्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. दादांनी ऑर्गनवर तो सूर धरून ठेवला, वाट बघितली. पुन्हा हवाच. साठीपुढचे जाणते प्रेक्षक. त्यांनी लाज झाकावी तशा टाळ्या वाजवल्या. कुणीतरी प्रेमानं ओरडलं, "वन्स मोअर!" ताई त्या दिशेला बघत राहिल्या, पडदा पडेपर्यंत.

"सहा महिने आधी आणलं असतं तर किरणांवर भागलं असतं," डॉक्टर म्हणाले. कॅन्सर होता. स्वरयंत्र काढावं लागलं.

त्यांचा भाऊ बाळाराम त्यांना उलव्याला घेऊन गेला. मी भेटायला गेले. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. पाटीवर त्यांनी लिहिलं, 'रुतू झोपते का?' मी नाही म्हटलं. त्यांनी पाटी पुसली. 'काल विश्वजित आला होता. कार्यक्रम पुढे ढकलतो, असं तुला बोलला होता म्हणाला.'

"ताई, तुम्हीच हात जोडले होते ना."

त्यांनी पुन्हा पाटी पुसली. मग लिहिलं, 'मी घाबरले होते. तू घाबरली नव्हतीस.'

त्यानंतर दोनदा गेले. दारामागं पावलं आली, थांबली, परत गेली. मी पाठवलेले मेसेज त्या निदान वाचायच्या. गेले नऊ दिवस तेही नाही. बाळाराम आणि त्याची बायको दिवसभर मासळीच्या धंद्यावर. फोन केला की तो म्हणतो, "बरी हाय, बरी हाय," आणि ठेवून देतो.

तुम्ही उलव्याकडे राहत असाल तर एकदा जाऊन या. बाळाराम घरतांचं घर कुणीही दाखवेल, तळमजला, बाहेर तुळस आहे. बेल वाजवल्यावर आतून 'कोण?' असं कुणी विचारणार नाही. घरात माणूस नाही असं समजून मागं फिरू नका. थांबा जरा. माझं नाव काढू नका. त्या जेवतात का, तेवढं बघून या.