व्हॅनवरचं पहिलं नाव

व्यंकटराव गेले ते शिव्या देत गेले, आणि त्यांच्या लेकीला, वर्षाराणीला, त्याचा फार अभिमान होता. शेवटच्या सकाळी त्यांनी चहात साखर कमी म्हणून लेकीला, बांध कोरला म्हणून शेजारच्या धुरपताबाईला आणि काही कारण नसताना सरपंचाला शिवी हासडली. दुपारी कूस बदलली आणि गेले. पोटाचा कॅन्सर झालेला माणूस इतक्या निवांतपणे भांडत मरतो, हे गावानं आधी पाहिलं नव्हतं. ही करणी सिंधु सिस्टरची. नांदेडच्या एका छोट्या संस्थेची ही नर्स आठवड्यातून दोनदा मुखेडच्या पुढं या गावापर्यंत स्कूटीवर यायची. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून द्यायची, पाठीच्या जखमा धुवायची, व्यंकटरावांच्या शिव्या खायची आणि चहा पिऊन जायची.

तेराव्याला ती आली आणि म्हणाली, स्कूटी आता बसायला आली. संस्थेकडं गाडीला पैसे नाहीत, तेव्हा दोन महिन्यांनी इकडच्या फेऱ्या बंद.

वर्षाराणीला आधी आठवली ती धुरपताबाईच. मधल्या भिंतीपलीकडं म्हातारीच्या हाडांत कॅन्सर उतरला होता आणि तिचं ओरडणं सुरू झालं होतं. तिचा लेक वैजनाथ सिस्टरला उंबरा ओलांडू देत नव्हता; ही बाई दारात आली की माणूस जातो, असं गावात पक्कं झालं होतं. तीस वर्षांच्या बांधाच्या भांडणात आण्णांनी, म्हणजे व्यंकटरावांनी, या म्हातारीचं नाव शिवीशिवाय कधी घेतलं नाही. पण ते ओरडणं वर्षाराणीला ऐकवेना. संस्थेला जुनी का होईना, एक व्हॅन घेऊन द्यायचीच, असं तिनं ठरवलं.

लातूरला शिकून आल्यामुळं तिला शहाणपण थोडं जास्त होतं. तिनं मारुतीच्या देवळात कुलूप लावलेली पेटी ठेवली आणि वर सुंदर अक्षरात ‘गुप्तदान’ लिहिलं. पंधरा दिवसांनी पेटीत अकरा रुपये, शर्टाचं एक बटण आणि एक लग्नपत्रिका निघाली. गाव कंजूष नव्हतं. गावात गुप्त काही करायची पद्धतच नव्हती, मग दान कुठलं होतंय. भोंग्यावर नाव पुकारलं नाही तर दिलेले पैसे आणि हरवलेले पैसे यात फरक काय?

तिचे काका शेषेराव तेव्हा भावाच्या नावानं स्मशानात सिमेंटचं बाकडं द्यायला निघाले होते. आण्णांना तिथं बसून काय करायचंय, असं तिनं विचारलं. काकांनी डोकं खाजवलं.

“तुज्या गाडीवर नाव लिवायला जागा हाय का?”

जागा होती, दोन्ही बाजूंना.

सप्त्याच्या काल्याला काकांनी माईक हातात घेतला आणि भावाच्या स्मरणार्थ रक्कम पुकारली. लगेच त्यांचा साडू उठला, त्यानं आईच्या नावानं शंभर रुपये जास्त पुकारले. मग आनंदराज मास्तर, मग ज्यांचं कुणी ना कुणी मेलं होतं ते सगळे. कीर्तनकार महाराज टाळकऱ्यांसह ताटकळले, पण तासाभरात व्हॅन जमली आणि वर वर्षभराचं पेट्रोल. अट एकच, नाव ठळक पाहिजे.

धम्मदीप पेंटरनं नावं काढलीही ठळक. नऊ ‘कै.’, दोन ‘कालकथित’, प्रत्येकापुढं एक जास्वंद. ‘कै. मृत्युंजय’ लिहिताना त्याला हसू आवरेना, म्हणून ती ओळ जरा वाकडी आली. पहिल्या दिवशी व्हॅनमधून संस्थेचे डॉक्टरही आले. सिंधु सिस्टरनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हळूच विचारलं, “ताई, ही पेशंटच्या दारात न्यायची?”

अख्ख्या गावात कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. वर्षाराणीच्याही नाही. मेलेल्यांची यादी अंगावर मिरवत ही गाडी आता आजाऱ्यांच्या घरी जाणार होती. पुसायला जावं तर अकरा घरांशी भांडण, आणि भिंतीपलीकडं म्हातारी पहाटेपासून ओरडत होती.

व्हॅन धुरपताबाईच्या दारात थांबली तसा वैजनाथ आडवा आला. यमाची गाडी मागं घ्या म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं. पण ओसरीवरच्या खाटेवरून म्हातारीनं विचारलं, त्यावर काय लिवलंय? तिला वाचता येत नव्हतं. वर्षाराणीनं चाचरत खालून नावं वाचायला सुरुवात केली.

“मृत्युंजय व्हय,” म्हातारी कण्हत म्हणाली. “दोन म्हैने वरडला. घरच्यांनी टीव्ही मोठा करून ठिवला व्हता.” पुढचं नाव आलं. “चांगुणानं खाटंची सुतळी दातानं तोडली.” गुणाबाईचं नाव आलं, तेव्हा तिनं नुसती मान हलवली. असं एकेक मरण ती सांगत गेली; गावात ती मरणं सगळ्यांनीच कानांनी ऐकलेली होती. “आन वर कोन हाय?”

वर्षाराणी थांबली. मग तिनं बापाचं नाव वाचलं आणि शिवीची वाट पाहिली.

“त्यो वरडला न्हाई,” धुरपताबाई म्हणाली. “मी रोज भिताडाला कान लावून बसायची. म्हनलं, माजा बांध कोरला, आता कसा वरडतोय बघू. निसत्या शिव्याच ऐकू येऊन राहिल्या व्हत्या.”

तेराव्यालाही न रडलेली वर्षाराणी तिथं व्हॅनला टेकून ढसाढसा रडली. आण्णांची इतकी आठवण तिला एवढ्या दिवसांत आली नव्हती.

“वैजनाथा, बाजूला हो,” म्हातारी म्हणाली. “त्येला जे दिलं त्येच मला द्या.”

डॉक्टरांनी तपासलं, सिस्टरनं गोळी दिली. तासाभरानं म्हातारीच्या कपाळावरच्या आठ्या उतरल्या आणि तिनं वर्षाराणीला जवळ बोलावलं.

“माजं नाव लिवायची येळ आली की त्येच्या वर लिवा. खाली ऱ्हानार न्हाई मी.”

वर चार बोटं जागा आहे, असं वर्षाराणीनं डोळे पुसत सांगितलं. म्हातारीचा व्यंकटरावांच्या लेकीवर विश्वास बसेना. तिनं वैजनाथला मोजायला पाठवलं.